पुस्तकातला माणूस

अंगठा आणि करंगळीची टोकं एकमेकांना टेकवा आणि मनगट किंचित आत वळवा. मनगटाच्या मधोमध कातडीखाली एक दोरी ताठ उभी राहिली का? राहिली तर तुमच्या हातात पामारिस लाँगस नावाचा स्नायू आहे. नाही राहिली, तर बहुतेक नाही. एका हातात आहे आणि दुसऱ्यात नाही, असंही होतं. जुनी इंग्रजी पाठ्यपुस्तकं सांगतात की साधारण १५ टक्के लोकांत तो नसतो. प्रत्यक्षात हा आकडा देशोदेशी बदलतो.

लग्नकार्यात पंगत लागेपर्यंत वेळ काढायला मला हा खेळ फार उपयोगी पडतो. मी मेडिकल कॉलेजात अ‍ॅनाटॉमी (शरीररचना) शिकवतो, म्हणजे नातेवाइकांच्या हिशेबी अर्धाच डॉक्टर. ना गोळी लिहून देत, ना बीपी बघत. पण मनगटं तपासायला बसलो की दोन्ही पक्षांकडचे हात भराभर पुढे येतात. ज्याची दोरी दिसत नाही त्याचं तोंड एवढंसं होतं. मग समजूत घालावी लागते, अहो काका, काही कमी नाही तुमच्यात. हा स्नायू नसला म्हणून मुठीची पकड ढिली पडत नाही, नारळ सोलता येतो, स्कूटरचा क्लच दाबता येतो.

ज्यांच्याकडे तो आहे त्यांचाही उपयोग जास्त करून सर्जनलाच. अमेरिकेत टॉमी जॉन नावाचा बेसबॉलपटू होता. आपल्याकडे गोलंदाज तसा तिकडे पिचर. १९७४ मध्ये त्याच्या डाव्या कोपरातला अस्थिबंध तुटला. तेव्हा अशा दुखापतीनंतर कारकीर्द संपल्यातच जमा असायची. डॉ. फ्रँक जोब यांनी त्याच्या उजव्या हातातली हीच दोरी काढली आणि डाव्या कोपरात हाडाला भोकं पाडून ओवली. १९७६ मध्ये टॉमी जॉन मैदानात परतला आणि थेट १९८९ पर्यंत खेळला. त्याच्या नावावर २८८ विजय आहेत, त्यातले १६४ ऑपरेशननंतरचे. शस्त्रक्रियेला नाव मात्र पेशंटचं पडलं, सर्जनचं नाही. डॉक्टरांच्या बाबतीत असं क्वचितच घडतं.

इथवर गंमत आहे. पण दोरी असणारच असं धरून कुणी मनगटावर छेद घेतला आणि ती मुळात नसलीच, तर त्या जागी पुढे हाताला लागते ती मिडियन नर्व्ह, म्हणजे हातातला एक मुख्य मज्जातंतू. तीही पांढरट, लांबट, दोरीसारखीच. अंगठ्याच्या नाजूक हालचाली आणि अंगठ्याकडच्या साडेतीन बोटांची संवेदना तिच्यावर अवलंबून. कंडरा, म्हणजे स्नायूची दोरी, समजून ही नर्व्हच कापून काढल्याच्या घटना वैद्यकीय नियतकालिकांत छापून आलेल्या आहेत. म्हणजे पंगतीआधी मी जो खेळ खेळतो, तोच ऑपरेशनआधी पेशंटकडून करून घ्यायचा असतो. अर्ध्या मिनिटाचं काम.

घोळ सगळा पुस्तकातल्या माणसाचा आहे. तुम्हीही त्याला पाहिलंय. शाळेच्या तक्त्यावर तळवे पुढे करून उभा असतो, धमन्या लाल, शिरा निळ्या, नर्व्ह पिवळ्या, कशाचा कशाला धक्का नाही. त्याचं सगळ्यात गाजलेलं रूप १८५८ साली लंडनमध्ये निघालेल्या ग्रे यांच्या अ‍ॅनाटॉमीच्या पुस्तकातलं. मजकूर हेन्री ग्रे यांचा, चित्रं हेन्री व्हॅनडाइक कार्टर यांची. ग्रे पुढे तीनच वर्षांत देवीच्या रोगाने गेले, वय जेमतेम ३४. कार्टर मात्र १८५८ मध्येच बोटीने मुंबईला आले. ग्रँट मेडिकल कॉलेजात त्यांनी अ‍ॅनाटॉमी शिकवली, कुष्ठरोगावर मोठं काम केलं आणि मधली काही वर्षं साताऱ्याला सिव्हिल सर्जन होते. ज्यांची चित्रं बघून जगभरचे डॉक्टर शिकले, ते साताऱ्यात बसून लोकांच्या जखमा बांधत होते, हे साताऱ्याच्या विद्यार्थ्यांना सांगितलं की ती मुलं निदान त्या दिवसापुरती पुस्तक उघडतात.

कार्टर यांच्यासमोर होते ते लंडनमधल्या गोरगरिबांचे, कुणी न्यायला न आलेले मृतदेह. अनेकांवरून मिळून हा एक माणूस उभा राहिला. त्याच्याशी नखशिखान्त जुळणारा कुणी माझ्या टेबलावर अजून आलेला नाही. मेंदूच्या बुडाशी धमन्यांचं एक कडं असतं, विलिसचं वर्तुळ. थॉमस विलिस यांनी १६६४ मध्ये त्याचं वर्णन केलं आणि चित्र काढलं ख्रिस्तोफर रेन यांनी, ज्यांनी पुढे लंडनचं सेंट पॉल कॅथीड्रल बांधलं. चित्र इतकं देखणं की पिढ्यान्‌पिढ्या मुलं तेच वहीत गिरवतात. पण अगदी चित्राबरहुकूम, सगळे दुवे धडधाकट असलेलं कडं निम्म्याहून कमी लोकांत सापडतं. एरवी याने काही अडत नाही. मानेतली एखादी मोठी धमनी तुंबली की मात्र या कड्यातूनच रक्त फिरवून घ्यायचं असतं. ज्याचा दुवा बारीक, त्याला पक्षाघाताचा धोका जास्त.

याचा अर्थ पुस्तक खोटं असं नाही. ते एसटीच्या वेळापत्रकासारखं आहे. पाठ असायलाच हवं, पण फाट्यावर उभं राहिल्यावर गाडी खरंच कधी आणि कुठून येते ते डोळ्यांनी बघावं लागतं.

आमच्या डिसेक्शन हॉलमध्ये हे नेहमी दिसतं. देहदानातून आलेले एक आजोबा होते. पोटाच्या मागच्या भागातली चरबी सोडवत पोरं डाव्या मूत्रपिंडापर्यंत पोचली. मुख्य धमनी सापडली, टाळ्या वाजायच्या बाकी. तेवढ्यात एका मुलीच्या चिमट्यात खालच्या बाजूचा एक बारीक, पिवळट धागा आला. 'सर, ही फॅशिया आहे, काढून टाकते.' म्हणजे अवयवांवरचा नुसता पापुद्रा. कात्री लावणारच होती. म्हटलं, थांब, आधी बोटाने चाचपून बघ, पोकळ लागतोय का? लागला. मग तो धागा हळूहळू मागे सोडवत नेला, तर थेट महाधमनीला जाऊन मिळाला. दुसरी धमनी, मूत्रपिंडाच्या खालच्या टोकाला जाणारी. मुलीचा पहिला प्रश्न, 'सर, आमचं काही चुकलं का?' पुस्तकात नाही ते समोर दिसलं की आपलंच चुकलं असं पहिल्या वर्षाच्या मुलांना हमखास वाटतं. काही सर्जनना मात्र तसं शेवटपर्यंत वाटत नाही, पण तो वेगळा विषय.

ही जादा धमनी म्हणजे प्रवासातली आठवण. गर्भात मूत्रपिंडं तयार होतात ती कटीत, आणि तिथून वर चढत जातात. चढताना वाटेतल्या धमन्यांकडून रक्त घेतात, पुढे नवी मिळाली की जुनी सोडून देतात. एखादी सुटायची राहिली की झाली जादा धमनी. साधारण चारातल्या एका माणसात ती असते, आणि आजोबांसारखी माणसं ती घेऊन आयुष्य काढतात, पत्ताही लागत नाही. पण समजा, तेच मूत्रपिंड एखादी आई आपल्या मुलाला द्यायला निघाली आहे. मूत्रपिंडातली प्रत्येक धमनी आपापलाच तुकडा सांभाळते, शेजारणीचं काम करत नाही. बारीक म्हणून तिला कापलं तर तेवढा तुकडा मरतो. त्यातून खालच्या टोकाची धमनी बऱ्याचदा मूत्रवाहिनीलाही रक्त पुरवते, म्हणजे पुढे लघवी झिरपण्याची भीती. म्हणून दात्याचा आधी सीटी अँजिओ करतात, धमन्या मोजतात आणि मगच कुठल्या बाजूचं मूत्रपिंड घ्यायचं ते ठरवतात.

हल्ली शरीररचना अ‍ॅपवर शिकवायची टूम निघाली आहे. बोट फिरवलं की कातडी जाते, आणखी एकदा फिरवलं की स्नायू. मीही वापरतो, वाईट नाही. पण अ‍ॅपमधल्या बहुतेक माणसांना एका बाजूला एकच धमनी असते, आणि चिमट्यात धरून चाचपता येईल असं तिथे काही नसतं. पूर्वी एमबीबीएसचं पहिलं वर्ष दीड वर्षाचं असायचं. ते कापलं तेव्हा विषय तेवढेच राहिले आणि टेबलापाशी उभं राहण्याचे तास गेले. माझं हे रडगाणं स्टाफरूममध्ये सगळ्यांना पाठ आहे, तेव्हा इथे आवरतं घेतो.

पित्ताशयाचं ऑपरेशन आता घरोघरी झालंय. दुर्बिणीतून करतात, पेशंट दुसऱ्या दिवशी घरी. पण पित्ताशयाच्या मानेजवळच्या त्या इवल्या त्रिकोणात जेवढी विविधता आहे तेवढी क्वचितच कुठे असेल. यकृताला जाणारी उजवी धमनीच कधी वळसा घेऊन पित्ताशयाला अशी बिलगते की तीच पित्ताशयाची धमनी वाटावी. म्हणून १९९५ पासून सर्जन मंडळींनी एक शिस्त उचलून धरली. तो भाग पूर्ण मोकळा करायचा, पित्ताशयात शिरणाऱ्या दोन आणि दोनच गोष्टी डोळ्यांना दिसेपर्यंत क्लिप लावायची नाही, कात्री चालवायची नाही. पेशंटच्या नातेवाइकांना बाहेर बसून वाटतं, एवढा वेळ का लागतोय. लागू द्यावा.

काहींच्या छातीच्या मधल्या हाडात खालच्या बाजूला जन्मतःच एक भोक असतं. त्यामागे हृदय. अ‍ॅक्युपंक्चरची सुई त्यातून आरपार जाऊन मृत्यू ओढवल्याची नोंद आहे. सांगाड्यात हे भोक पाहून बंदुकीची गोळी लागली असावी, असाही समज होऊ शकतो. आणि दहा हजारांत एखाद्याचं हृदय उजवीकडे, यकृत डावीकडे, सगळं आरशातल्यासारखं असतं. त्याचा ईसीजी काढणाऱ्या टेक्निशियनला आधी वाटतं, आपणच वायरी उलट्या लावल्या. त्याचं अपेंडिक्स डावीकडे दुखतं, आणि डावीकडे दुखतंय म्हणून अपेंडिक्सची शंका कुणाला येत नाही.

आमच्या मावशीची दोन्ही मूत्रपिंडं खालच्या टोकाला जोडलेली निघाली, घोड्याच्या नालेसारखी. भलत्याच कारणासाठी केलेल्या सोनोग्राफीत. पाचशेत एखाद्यात असतं असं. वर चढताना हा जोड आतड्याच्या एका धमनीखाली अडकतो आणि मूत्रपिंडं तिथेच थांबतात. रिपोर्ट घेऊन ती माझ्याकडे आली, कारण मी घरचा अर्धा डॉक्टर.

'पथ्य काय रे?'

'काही नाही. पाणी भरपूर पी, खडे होण्याची शक्यता जरा जास्त असते.'

'गोळ्या?'

'नाहीत.'

ती थोडी खट्टू झाली. एवढं मोठं निदान आणि साधी एक गोळी नाही. मी सांगितलं की पुढे कधी पोटाचं ऑपरेशन करायची वेळ आली तर हे सर्जनला आधी सांगायचं, कारण तो जोड महाधमनीच्या पुढ्यातच आडवा बसलेला असतो. फाइलवर मोठ्या अक्षरांत लिहून दिलं. तिने ते वाचलं आणि म्हणाली, 'नाल लोक दाराला ठोकतात, शुभ असते म्हणून. माझी आतच आहे म्हणायची.'

पुढच्या भिशीत तिने हे सगळ्यांना सांगितलं असणार. कारण तेव्हापासून तिच्या मैत्रिणींचे सोनोग्राफी रिपोर्ट माझ्या व्हॉट्सअ‍ॅपवर येऊ लागलेत. सोबत एकच प्रश्न, माझ्यात काही वेगळं आहे का हो? एकीला कळवलं, सगळं नॉर्मल आहे. तिचं उत्तर आलं, 'नीट बघितलंत ना?'