तुम्ही विचारलंत म्हणून: पिल्लू दिसलं तरी मी उचलत का नाही

जून आला की माझा फोन वाजायला लागतो. आमच्या बडोद्यात विश्वामित्री नदीच्या काठी कुणाला तरी मगरीची पिल्लं दिसलेली असतात. "आई कुठे दिसत नाही हो, तुम्ही या ना घेऊन जायला." मी जात नाही, त्यांनाही हात लावू देत नाही. मग ठरलेला प्रश्न: एवढं प्राण्यांचं वेड तुम्हाला, मग पिल्लू समोर मरताना बघवतं कसं? यंदा माझ्या भाचीनेही तेच विचारलं. म्हटलं, एकदा लिहूनच टाकू.

मी सहसा कायदा सांगते. मगर १९७२ च्या वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, घरी नेणं गुन्हा आहे, वनखात्याला फोन करा. सगळं खरं. पण कायद्याचं नाव काढलं की समोरचा गप्प होतो, म्हणून सांगते. माझं उत्तर ते नाही.

वीसएक वर्षं झाली. कमाटीबागेच्या पुढे, नाला नदीला मिळतो तिथे चिखलात अकरा पिल्लं होती. फूटभर लांबीची, पिवळट अंगावर काळे पट्टे. वर दोन घारी, काठावर एक बगळा, पलीकडून कुत्रं हुंगत येत होतं. पाणी अगदी शांत. अर्धा तास वाट पाहिली (खरं तर वीस मिनिटंही नसतील), आई सोडून गेली असं ठरवलं आणि घरून बादली आणली. सात हाती लागली. सुईसारखे दात बोटांत रुतले तेव्हा, आता सांगायला लाज वाटते, मला छानच वाटलं होतं.

बाथरूममधला टब काठोकाठ भरून त्यात सोडली. पाण्यातला प्राणी, त्याला पाणी भरपूर हवं! "ही खाणार काय?" ह्यांनी विचारलं. मी फ्रिजमधली कोळंबी बारीक चिरून टाकली. एकानेही तोंड लावलं नाही. रात्रभर ओरडत होती, क्यँव क्यँव असा आखूड आवाज. भूक लागली असेल म्हणून मी दोनदा उठून कोळंबी बदलली.

सकाळी दोन मेलेली होती. बुडून. मगरीचं पिल्लू बुडून मरतं असं कुणी सांगितलं असतं तर मी हसले असते. पण श्वास त्यालाही हवेतूनच घ्यावा लागतो, आणि त्या गुळगुळीत टबात टेकायला जागाच नव्हती. दमेपर्यंत पोहली असणार.

उरलेली पाच घेऊन परत गेले. काठावर भाजी लावणारे एक काका होते. त्यांनी बादलीत पाहिलं, मग माझ्याकडे. "बेन, मा तो अहीं ज हती." आई तर इथेच होती. त्यांनी बोट केलं. काल मला जे शांत पाणी दिसलं होतं त्यात दोन डोळे आणि नाकाचा शेंडा. मागे राहिलेल्या चारांतली दोन तिच्या डोक्यावर बसलेली.

बादली आडवी केली आणि पळाले. मागे पिल्लं ओरडली, पाणी हललं. पाचही आईकडे पोचली असं मी बरीच वर्षं सांगत आले. मी वळून पाहिलंच नव्हतं.

वाचायला लागले ते नंतर. पिल्लं अंड्यातूनच हाक देतात. ती ऐकून मादी काठावरचं घरटं उकरते आणि पिल्लांना जबड्यात धरून पाण्यात नेते. रात्रभर मी ऐकला तो आवाज त्याच जातीचा. अंड्यातला बलक पोटात शिल्लक असतो, पहिले दिवस त्यावर निघतात. कोळंबीची गरजच नव्हती.

एका घरट्यात पंचवीस-तीस अंडी. घोरपडी, मुंगूस, घारी, बगळे, मोठे मासे, मोठ्या मगरीसुद्धा. यांतून मूठभर वाढतात. मरणारी मरणारच, हा हिशेब मला घरी बसून पटतो. काठावर उभी राहिले की पटत नाही.

आणि तेव्हाची मी अजून भांडते. कुत्रं येतच होतं ना? ते कुत्रं जंगलातलं नव्हतं, आपल्या उकिरड्यावर पोसलेलं होतं. नाल्यात माझ्याही मोरीचं पाणी आहे. ऑगस्ट २०२४ च्या पुरात मगरी सोसायट्यांत शिरल्या, पुढच्या वर्षी नदी खोल-रुंद करायला यंत्रं उतरली. अख्खं शहर नदीत हात घालून बसलंय आणि मी एकटी हात मागे बांधून उभी! दोन वर्षांपूर्वी नायलॉनच्या जाळ्यात अडकलेलं पिल्लू मी स्वतः कात्रीने सोडवलं, वनखात्याचा माणूस निघाला होता तरी. म्हणजे नियम मीही पाळत नाही.

यंदा भाचीने फोटो पाठवला तेव्हा सांगितलं, कुत्रं हाकल, लांब जाऊन बस, हात लावू नकोस. "किती वेळ, मावशी?" म्हणाली. मी म्हटलं, अंधार पडेपर्यंत. ती बसली. संध्याकाळी फोन आला: घारीने एक नेलं. नंतर आठवडाभर ती माझ्याशी बोलली नाही.