गजकर्णाची कडा

शिळ्या पावावरचा हिरवट ठिपका, पावसानंतर हिरवळीत उगवलेलं अळंब्यांचं कडं आणि मांडीवरचा गजकर्ण, तिन्ही गोलच. बुरशीचा एक बीजाणू रुजतो, त्यातून धागा निघतो, धाग्याला फाटे फुटतात आणि प्रत्येक फाटा फक्त टोकाशी वाढतो. सगळी टोकं बाहेरच्या बाजूला धावू लागली की वर्तुळ आपोआप आखलं जातं.

बुरशीचं जेवणही विचित्रच. पाचकरस आधी अन्नावर ओतायचे, ते तिथेच विरघळवायचं आणि मग शोषून घ्यायचं. गजकर्णाच्या बुरशीला आवडतं ते केराटिन हे प्रथिन. त्वचेचा वरचा मृत थर, केस, नखं त्याचीच बनलेली. जिवंत पेशींत ती सहसा शिरत नाही. खाज सुटते ती आपलं शरीर तिच्यावर चिडतं म्हणून. मध्ये शरीराची सरशी होते, तिथली कातडी निवळते. लाल, खवलेदार कडेवर मात्र बुरशी जोमात असते. त्यामुळे तपासणीसाठी खरवड घ्यायची ती कडेचीच. तिच्यावर १० टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइड टाकलं की आपल्या पेशी विरघळतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली धागे तेवढे उरतात. त्यांच्या भिंतीत कायटिन असतं, झुरळाच्या कवचात असतं तेच.

मलमाचं गणितही कडेचंच. बहुतेक जण लाल दिसतं तेवढ्यावरच बोट फिरवतात. पण टोकं दिसणाऱ्या कडेच्याही पुढे गेलेली असतात, म्हणून जागा धुऊन, कोरडी करून मलम कडेबाहेर साधारण २ सेंटिमीटरपर्यंत लावायचं. खाज थांबली म्हणून मलम थांबवायचं नाही. डाग गेल्यावरही एक-दोन आठवडे चालू ठेवायचं. सगळ्यात वाईट म्हणजे स्टेरॉइड मिसळलेलं मलम. दोन दिवसांत लाली उतरते, माणूस खूश, आणि चिडणारं शरीर गप्प बसल्यामुळे बुरशीला रान मोकळं! पुढे कडाच पुसट होते आणि डॉक्टरांनाही गजकर्ण ओळखू येत नाही.

बुरशी वनस्पतींपेक्षा प्राण्यांच्या जवळची, त्यामुळे तिला मारून आपल्याला जपणारी औषधं मोजकीच. आपल्या पेशींच्या पडद्यात कोलेस्टेरॉल असतं, तिच्यात एर्गोस्टेरॉल. बरीचशी औषधं नेमकी या फरकावर बोट ठेवतात.

नखात शिरलेली बुरशी मात्र चिवट. पायाच्या नखासाठी टर्बिनाफिनच्या गोळ्या साधारण १२ आठवडे चालतात, पण अंगठ्याचं नख पूर्ण नवं यायला १२ ते १८ महिने लागतात. गोळ्या संपल्या तरी पिवळा भाग दिसतोच आणि औषध वाया गेलं असं वाटतं. अशा वेळी नखाच्या मुळाशी पाहावं. तिथे स्वच्छ नखाची बारीक पट्टी दिसत असेल, तर पिवळा भाग फक्त कापला जायची वाट पाहतोय.