नेमोच्या मराठी पाट्या : नोंद तिसरी

मंडळी, १९१६च्या 'ट्वेंटी थाउजंड लीग्ज अंडर द सी'ला मराठी सबटायटल लावायचं काम निम्म्याच्या पुढे गेलं. मागच्या नोंदीत तोऱ्यात लिहिलं होतं, मूकपटच तो, दृश्यांच्या मधे येणाऱ्या मजकुराच्या इंग्रजी पाट्या वाचायच्या नि मराठीत उतरवायच्या, त्यात काय! ते मागे घेतो.

आधी वेगाने घोळ घातला. टायमिंग एका प्रतीवर बसवलं, मग जास्त स्वच्छ प्रत मिळाली, तर ती सावकाश चालते. मूकपटांना सेकंदाला अमुकच फ्रेम असं बंधन नव्हतं ना. फरक साचत जाऊन शेवटच्या रिळात पाटी यायच्या आधीच सबटायटल गायब! सगळ्या वेळा एकाच गुणोत्तराने ताणल्या, बरंचसं जमलं.

मग इंग्रजीतला 'यू'. प्राध्यापक आरोनाक्स कैदी असला तरी विद्वान, म्हणून पाणबुडीचा कप्तान नेमो याच्या तोंडी 'तुम्ही'. नेमोचा वैरी, व्यापारी डेन्व्हरला मात्र 'तू', तेही दातओठ खाऊन.

हा डेन्व्हर ज्यूल व्हर्नच्या पुस्तकात नाहीच. दिग्दर्शक स्टुअर्ट पेटनने व्हर्नची पुढची कादंबरी 'मिस्टीरियस आयलंड'ही यातच कोंबलीय, कारण नेमो कोण हे तिथे उलगडतं : बुंदेलखंडचा राजपुत्र डक्कर, टिपू सुलतानाचा नातलग, १८५७च्या उठावात लढलेला. गंमत म्हणजे व्हर्नला आधी रशियावर सूड उगवणारा पोलिश सरदार हवा होता. प्रकाशक एट्झेलला ते नको होतं. म्हणून १८७०च्या पुस्तकात नेमोला देशच नाही, आणि १८७५ला तो आपल्याकडचा निघाला. पडद्यावर मात्र इंग्रजी सत्तेवरचा तो राग एका व्यापाऱ्यावरच्या खाजगी सुडापुरता उरलाय. मला हे खटकतंच.

पाण्याखालच्या प्रसंगांना मात्र शंभर गुन्हे माफ. ते बहामात घेतलेत. हे चित्रीकरण करणाऱ्या विल्यमसन बंधूंच्या वडिलांनी बनवलेली लवचिक नळी समुद्रात सोडायची, तिच्या टोकाला जाड काचेची खिडकी असलेली खोली, आत कॅमेरा आणि माणूस, दोघेही कोरडे. ऑक्टोपस खोटा आहे हे कळतं, तरी पाणबुड्याला विळखा पडला तेव्हा मी टाइप करायचं विसरलो.

आता राहिला भारतातला पूर्वकथेचा भाग. 'डक्कर' नाव बुंदेलखंडी कानाला कसंसंच लागतं. 'ठाकूर' करायचा मोह दोनदा आवरलाय. तुम्ही काय केलं असतंत? रविवारी त्या पाट्या घेतोय, त्याआधी सांगा.