मिरेयोच्या वाटेने क्रोचा माळ : जुलैत जाऊ नका

आधी महत्त्वाचं सांगते, दक्षिण फ्रान्समधला, आर्ल शहराजवळचा क्रोचा माळ जुलैत पायी करू नका, कोणी कितीही सांगितलं तरी. आम्ही राहिलो तिथल्या बाई म्हणाल्या सपाट आहे, चढ नाही, आरामात होईल. म्हणून मी आणि मावसबहीण सँ-मार्तँ-द-क्रो स्टेशनावर उतरून सकाळी 10 ला चालायला लागलो, दोघींत मिळून 3 लिटर पाणी. सपाट आहे हे खरंय. पण पूर्वी द्युराँस नदी इथून समुद्राला जायची, तिने आणून टाकलेले गोटे अजून तिथेच पसरलेत, पाऊल ठेवलं की घोटा वळतो. एक झाड नाही. मेंढ्या तरी दिसतील वाटलं होतं तर त्या उन्हाळ्यात आल्प्सवर जातात, म्हणजे मेंढपाळही नाही, विचारायचं कुणाला?

गेलो कशासाठी तर फ्रेदेरिक मिस्त्रालच्या ‘मिरेयो’साठी. 1859 चं, तिथल्या प्रोव्हाँसाल भाषेतलं 12 सर्गांचं काव्य. लग्नाला घरून नकार मिळाल्यावर मिरेयो हाच माळ तुडवत सँत-मारीच्या देवळाकडे निघते, आणि पुढे कामार्गच्या दलदलीच्या भागात ऊन लागून शेवटी देवळातच मरते. क्रोच्या सर्गात तहानेने जीव जात असताना तिला विहीर सापडते. आम्हाला नाही सापडली. दीड वाजता पाणी संपलं, बहिणीला मळमळायला लागलं, तेव्हा कळलं की तो सर्ग लिहिणाऱ्याला हे ऊन नीट माहीत होतं.

मग डांबरी रस्ता गाठून टॅक्सी बोलावली. आर्लपर्यंत 90 युरो, मीटर बंद! अंतर 20 किमीपण नाही. फ्रान्समध्ये टॅक्सीला मीटर लागतोच आणि 25 युरोच्या वर पावती द्यावीच लागते, हे मला दुसऱ्या दिवशी कळलं. तुम्ही बसायच्या आधी मीटर दाखवायला सांगा. आणि जायचंच तर एप्रिलमध्ये जा, माणशी 3 लिटर पाणी घ्या, घोट्यापर्यंतचे बूट घाला.

आर्लचं म्युझेऑन आर्लातेन हे संग्रहालय मात्र अजिबात सोडू नका. 1904 च्या नोबेलचे पैसे मिस्त्रालनी यात घातले, वस्तूंवरच्या चिठ्ठ्या स्वतःच्या हाताने लिहिल्या. मायान गावातलं त्यांचं घर छोटं आहे, तासाभरात होतं.

बाजारात प्रोव्हाँसाल ऐकू येईल असं वाचून गेला असाल तर विसरा. गावांच्या पाट्यांवर आहे, लोकांच्या तोंडात नाही. चार दिवस सगळीकडे फ्रेंचच ऐकलं. 1854 मध्ये सात कवींनी ‘फेलिब्रीज’ नावाची संस्था काढली ती ही भाषा वाचवायला, मिस्त्रालनी तिचा एवढा मोठा कोशही केला, तरी शाळेत फ्रेंचच चाललं आणि घरची भाषा ‘पात्वा’ म्हणजे गावंढळ ठरली. घरी मालवणी बोलणाऱ्या मला हे ऐकून फार लागलं.

म्हणून एक लक्षात ठेवा, तिथे कुणाच्या बोलीला चुकूनही पात्वा म्हणू नका, ‘प्रूव्हेन्साऊ’ म्हणा. मायानला चौकातल्या बाकावर एक आजोबा बसले होते, त्यांना मी तेवढा एकच शब्द बोलले. त्यांनी काठी बाजूला ठेवली आणि मिरेयोची सुरुवात पाठ म्हणायला लागले, आमची बस गेली तरी आम्ही उठलो नाही.