डोंगराला झाकण

शनिवार, रात्री साडेअकरा

आज शेवटी माझ्या टेबलावरच्या छोट्या मॉडेल रेल्वेच्या डोंगरावर करवत चालवली. बारा वर्षांपूर्वी महिनाभर रद्दीचे कपटे खळीत भिजवून, वर प्लास्टर थापून जो उभा केला होता, तो दुपारी दीड तासात आडवा झाला. बायको दारात येऊन एवढंच म्हणाली, "अहो, पंखा बंद करा, धूळ स्वयंपाकघरात येतेय."

गेल्या रविवारचा प्रसंग अजून डोक्यातून जात नाही. घरी पाहुणे. डेक्कन क्वीन कर्जतहून निघाली, मागून बँकर (घाटात ढकलायला लावलेलं जादा इंजिन) रेटतंय, मी जोरात माहिती सांगतोय: बोरघाटाची चढण सदतिसास एक, म्हणजे सदतीस फूट पुढं गेलं की एक फूट वर. गाडी बोगद्यात शिरली आणि बाहेर आलीच नाही. आत नुसती मोटरची घरघर. मी स्वयंपाकघरातला चिमटा घेऊन ओणवा झालो, तर बाहीत विजेचे चार खांब अडकून मोडले. मग टॉर्च तोंडात धरून टेबलाखाली शिरलो. पाहुण्यांना तिथून माझे फक्त पाय दिसत होते. चहा निवला.

चूक माझीच आहे, आणि ती कागदावर फार सुंदर दिसली होती. खोली दहा बाय अकरा. कोपऱ्यात टेबल चार फूट खोल. माझा हात कसाबसा अडीच फूट पोचतो, तोही पोट कडेला दाबून (आणि पोट काही बारा वर्षांपूर्वीचं राहिलेलं नाही). उरलेल्या दीड फुटात मी काय ठेवावं? सांधा, म्हणजे गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर वळवायची जागा! तोही वळणावर, तोही बोगद्यात. मागून ढकलताना हलका डबा वळणाच्या बाहेरच्या अंगाला रेटला जातो, आणि चाक नेमकं सांध्यावर रूळ सोडतं. सगळ्या लेआउटवर गाडी घसरायला याहून सोयीची जागा नव्हती.

इतकी वर्षं निभलं ते भाच्यामुळे. चार वर्षांचा होता तेव्हापासून टेबलाखालून सरपटत जायचा, मागच्या भोकातून हात घालून डबा बाहेर काढायचा आणि एका गाडीमागे एक चॉकलेट घ्यायचा. आता दहावीत आहे, मिसरूड फुटलंय. परवा म्हणाला, "मामा, माझे खांदे नाही जात आता. तू डोंगरालाच झाकण कर ना."

रविवार

डोंगर उचलल्यावर आत सापडलेलं सामान: दोन चाकं, एक बारीक स्क्रू-ड्रायव्हर (ज्याच्यासाठी मी तेव्हा घरातल्या सगळ्यांवर आरडाओरडा केला होता), हिरवा झेंडा धरलेला गार्ड, एक गोटी आणि पालीच्या अंड्यांची दोन रिकामी टरफलं. गार्डला पुसून ब्रेकव्हॅनशेजारी उभा केला. टरफलं फेकवेनात, खिडकीत ठेवलीत.

डोंगर न्हाणीघरातल्या वजनकाट्यावर ठेवून पाहिला. नऊ किलो! नुसतं प्लास्टर. म्हणजे भोक पाडून झाकण केलं असतं तरी ते उचलायला भाच्याचीच गरज लागली असती.

नवा डोंगर थर्माकोलचा. एकावर एक थर चिकटवले, ब्लेडने कडे तासले, वर पातळ फेव्हिकॉलमध्ये बुडवलेला टिश्यू पेपर. दोन किलोच्या आत बसला. खाली पाच मिलिमीटर प्लायची चौकट आणि दोन लाकडी खुंट्या, म्हणजे दर वेळी त्याच जागी बसेल. डोंगर आणि टेबलाच्या जोडाची फट कुठं आणायची यावर मात्र संध्याकाळ गेली. सरळ कापलं की डबा वाटतो. शेवटी ओढ्याच्या कडेकडेनं, वाकडीतिकडी नेली. तिथं कारवीचं रान दाट दाखवायचं. काथ्या रंगवून वाळत घातलाय.

मंगळवार

ऑफिसातून आल्यावर रुळांचं काम. रुळांखालची खडी फेव्हिकॉलनं दगडासारखी बसली होती. ब्रशनं गरम पाणी सोडलं, दहा मिनिटं थांबलो, आणि बोथट सुरीनं ती अलगद निघाली. रूळ एकही वाकला नाही. उगाच आठ दिवस घाबरून बसलो होतो.

सांधा बोगद्यातून काढून बावीस इंच पुढं, उघड्यावर आणला. त्यामुळे कॅच सायडिंगचा बाजूचा फाटाही बाहेर आला, आणि हे आधीच का सुचलं नाही असं झालं. खऱ्या बोरघाटात उतारावरचा सांधा एरवी या चढत्या सायडिंगकडेच लावलेला असतो. ब्रेक निकामी झालेली गाडी सुसाट आलीच तर चढावर जाऊन थांबते. धड असलेली गाडी आधी उभी राहते, मगच तिला पुढचा रस्ता मिळतो. इतकी नाट्यमय गोष्ट मी बारा वर्षं अंधारात लपवून ठेवली होती.

तसा माझा घाट खरा नाहीच. तिथं तीन मार्ग, माझ्याकडे एकच. मॉडेल मूळच्या सत्त्याऐंशीपट लहान. रुळांमधलं अंतर १६.५ मिलिमीटर, आणि आपल्या १६७६ मिलिमीटरच्या ब्रॉडगेजला ८७ नं भागलं तर १९.३ येतात. तयार रूळ मिळतात ते हेच, म्हणून गिळलंय. कोणी विचारलं नाही तर मी सांगत नाही.

जीआयपी या इंग्रजांच्या काळातल्या रेल्वे कंपनीनं १८६३ साली घाट खुला केला तेव्हा खंडाळ्याजवळ रिव्हर्सिंग स्टेशन होतं. गाडी तिथं थांबायची, इंजिन दुसऱ्या टोकाला लागायचं आणि पुढचा प्रवास उलट्या दिशेनं व्हायचा. नव्या आखणीत ते १९२९ साली बंद झालं. म्हणजे ती अडचण काढायला त्यांना सहासष्ट वर्षं लागली. आज जेवताना हे सांगितलं तर बायको म्हणाली, "त्यांच्या बायका किती सोसत असतील."

गुरुवार

रूळ जिथं कापायचा तिथं दोन्ही बाजूंना पीसीबीच्या (तांबं चढवलेल्या सर्किट बोर्डाच्या) पट्ट्या स्क्रूनं घट्ट बसवून त्यांना रूळ डाग देऊन जोडले, मगच रूळ कापला. टोकं जराही हलली नाहीत. सांध्यापासच्या दोन वायरी मात्र उलट्या जोडल्या गेल्या. इंजिन तिथं पोचताच कंट्रोलरचा दिवा विझला. टेबलाखाली न जाता, खुर्चीत बसून दुरुस्त केल्या.

साडेनऊला डेक्कन क्वीन, पाच डबे, मागं बँकर. सलग अकरा फेऱ्या. बाराव्या फेरीला तिसरा डबा घसरला, पण फलाटासमोर, हाताशी. चाकाला काथ्याचा तंतू गुंडाळला गेला होता.

डोंगर मात्र अजून डोळ्यांत खुपतोय. जमिनीला वापरलेली चहाची वाळवलेली पूड जुन्या भागात फिकट पडलीय, नवी काळीभोर. फट लपली, पण रंगानं पुन्हा उघडी पडली. आज चहा गाळल्यावर बायकोनं न विचारता चोथा ताटलीत पसरून गॅलरीत ठेवला. उन्हात दोन-तीन दिवस तरी लागतील.