वाड्यातल्या पिंपळाच्या मुळांचा मोल्ड : माझा अनुभव

शेजारच्या गल्लीतला वाडा रिडेव्हलपमेंटला गेला तेव्हा मालकांनी पाडायच्या आधी मला आठ दिवस दिले, मागच्या भिंतीवरच्या पिंपळाच्या मुळांचं शिल्प करायचं होतं. असा पिंपळ कोणी लावत नाही, पक्षी फळं खातात, त्यांच्या विष्ठेतून बी भेगेत पडतं आणि चुन्यात ओल टिकते तेवढी त्याला बास होते.

पहिले दोन दिवस वाया गेले. पीओपीचा पीस मोल्ड, म्हणजे तुकड्यातुकड्यांचा साचा, घेतला पण मुळांना अंडरकट, म्हणजे आत वळलेल्या खाचा, इतके की पीओपी आत अडकलं, काढताना एक बारकं मूळच तुटलं, फार वाईट वाटलं. मग लॅटेक्स, म्हणजे पातळ रबर. ब्रशने थर द्यायचा, वाळू द्यायचा, परत थर, असे सात थर, मध्ये गॉजचं जाळीदार कापड, आणि वरून पाऊस! ताडपत्री बांधून हॅलोजन लावून बसलो, त्या अमोनियाच्या वासाने डोळे झोंबत होते. सगळ्यात वर पीओपी आणि काथ्याचं कवच.

लॅटेक्स सोलला आणि मी बघतच राहिलो. दोन विटांच्या फटीत शिरलेलं मूळ पट्टीसारखं चपटं झालेलं, वीट संपली तिथे बरोब्बर काटकोनात वळलेलं. रॉबर्ट स्मिथसन या शिल्पकाराने १९७० मध्ये अमेरिकेत केंट स्टेट युनिव्हर्सिटीत एका लाकडी शेडवर मधली तुळई तडकेपर्यंत २० गाड्या माती ओतली होती, ते काम माझ्या डोक्यात घट्ट बसलेलं, त्यामुळे मीही झाड भिंत फोडतंय एवढंच बघत होतो. पण इथे भिंतीनेही झाड घडवलं होतं. म्हणून विटा कास्ट करायच्याच नाहीत असं ठरवलं, फक्त मुळं, आत सळई घालून सिमेंटमध्ये, म्हणजे मधल्या रिकाम्या चौकोनांत भिंत दिसेल.

एक गोष्ट मात्र कळत नव्हती, सगळी मुळं खाली जात असताना सगळ्यात जाड मूळ मध्येच डावीकडे का वळलं? वाडा पडल्यावर महिन्याभराने मालकांच्या आई काम बघायला आल्या. त्या वळणावर हात ठेवून म्हणाल्या, "इथे आमची न्हाणी होती, मोरीचं पाणी इकडूनच जायचं."