ओशाळणं चार्टवर नव्हतं

आमच्या शाळेत शुक्रवारचा पाचवा तास एसईएलचा असतो. सोशल इमोशनल लर्निंग. आपल्याला काय वाटतंय ते ओळखायचं, नीट सांगायचं, समोरच्याला काय वाटत असेल तेही बघायचं. कोरोनानंतर मुलं वर्गात परतली तेव्हा अंगानं वाढलेली होती आणि मनानं बिचकलेली. बाकावर शेजारी कुणी बसलं तरी सरकून घ्यायची. तेव्हा हा तास सुरू झाला आणि मला तो मनापासून आवडला. अजूनही आवडतो. म्हणूनच हे लिहायला बसलेय.

मी बडोद्यातल्या एका इंग्रजी माध्यमाच्या खाजगी शाळेत एकोणीस वर्षं शिकवतेय, बहुतेक वर्षं चौथीला. शाळेचं नाव लिहीत नाही, मुलांचंही नाही.

या तासासाठी वर्गात एक चार्ट लावलाय. त्यावर सहा चेहरे: आनंदी, दुःखी, रागावलेला, घाबरलेला, उत्साही आणि शांत. कपडे वाळत घालायचे लाकडी चिमटे आणून मी प्रत्येकावर एकेका मुलाचं नाव लिहिलं. सकाळी आल्या आल्या आपला चिमटा आपल्या चेहऱ्याला लावायचा. मग शुक्रवारी ज्यांचे चिमटे दुःखी किंवा रागावलेल्या चेहऱ्यावर जास्त दिवस असतील त्यांनी वर्गापुढे येऊन दोन वाक्यं बोलायची, असं आम्हाला प्रशिक्षणात सांगितलं होतं.

गेल्या वर्षी माझ्या वर्गात एक मुलगी होती. तिचा चिमटा जूनपासून दिवाळीच्या सुट्टीपर्यंत रोज आनंदी चेहऱ्यावर. एक दिवस खंड नाही. महिनाभर मला बरं वाटलं. मग वाटलं, नऊ वर्षांचं पोर, एकही दिवस रुसत नाही, एकही दिवस पोट दुखत नाही, असं कसं होईल?

ती आरटीईतून, म्हणजे शिक्षण हक्क कायद्यातून आलेली. २००९ चा हा कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला, आणि त्याच्या कलम १२(१)(सी)नुसार विनाअनुदानित खाजगी शाळांनी पहिलीच्या वर्गात किमान २५ टक्के जागा दुर्बल आणि वंचित घटकांतल्या मुलांना द्यायच्या. शाळा याविरुद्ध सुप्रीम कोर्टात गेल्या होत्या. २०१२ मध्ये कोर्टानं कायदा उचलून धरला. या मुलांना वेगळं बसवायचं नाही, त्यांचा वर्ग वेगळ्या वेळी भरवायचा नाही, असं नियमांत स्पष्ट लिहिलंय. आम्ही कुणालाच वेगळं बसवत नाही. ती मुलगी दुसऱ्या बाकावर, अगदी माझ्या टेबलासमोर बसायची.

पण माझ्या हजेरीपटात तिच्या नावापुढे लाल शाईत ‘आर’ होता. असे नऊ ‘आर’. ऑफिसातूनच पट तसा येतो.

ऑगस्टमध्ये ऑफिसनं एक चिठ्ठी पाठवली. आरटीईच्या मुलांनी उत्पन्नाचा दाखला, आधार आणि बँक पासबुकाची झेरॉक्स सोमवारपर्यंत आणायची. मी नेहमीप्रमाणे चिठ्ठी वाचली, पट उघडला आणि नावं पुकारली. ‘उभे राहा, डायरीत लिहून घ्या.’ आजवर असं किती वेळा केलं असेल! त्या दिवशी मात्र मी मान वर करून बघितलं. नऊ मुलं उभी होती. तिनं स्कर्टची कड मुठीत धरली होती, इतकी घट्ट की इस्त्रीची घडी मोडून तिथे गोळा झाला होता. शेजारच्या मुलानं अगदी निर्मळपणे विचारलं, ‘टीचर, आरटीई एटले शुं?’ म्हणजे काय? मी त्याला खाली बस म्हटलं. उत्तर दिलं नाही. ते मिळालं त्याला मधल्या सुट्टीत, दुसऱ्या कुणाकडून तरी.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती आली, दप्तर ठेवलं, चिमटा उचलला आणि आनंदी चेहऱ्याला लावला.

दोन-तीन आठवड्यांनी तिनं त्याच मुलाला कंपास फेकून मारली. कपाळाला खोक पडली नाही हे नशीब. आमच्याकडे अशा वेळी मुलाला ‘शांत कोपऱ्यात’ पाठवतात. तिथे सतरंजी आहे, उशी आहे, दहा श्वास मोजायचे. श्वास मोजण्याला माझा अजिबात विरोध नाही, परीक्षेच्या धास्तीनं थरथरणारी मुलं त्यानं खरोखर सावरतात. मी तिला तिकडे पाठवलं. मग मुलाला विचारलं, काय झालं होतं? तो खरं बोलला. रंगपेटी मागितली, तिनं दिली नाही, तेव्हा तो म्हणाला होता, ‘आ तो फ्रीमां भणे छे.’ ही तर फुकट शिकते.

म्हणजे बोलला तो, आणि श्वास मोजत बसली ती.

आणि एवढ्यावर थांबलं नाही. सहामाही प्रगतिपुस्तकात या विषयाचे पाच रकाने असतात: स्वतःची जाणीव, स्वतःवर ताबा, इतरांची जाणीव, नाती जपणं, जबाबदारीनं निर्णय घेणं. मूळ मांडणी १९९४ साली सुरू झालेल्या अमेरिकेतल्या कॅसेल या संस्थेची. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणातही सामाजिक-भावनिक शिक्षणाचा उल्लेख आहे, दिल्लीच्या सरकारी शाळांत २०१८ पासून हॅपीनेसचा तास होता, त्यामुळे हे खूळ नाही, जगभर चाललेलं गंभीर काम आहे. त्या पाच रकान्यांतल्या ‘स्वतःवर ताबा’समोर मी तिला ‘सी’ दिला. ‘इतरांची जाणीव’मध्ये त्या मुलाला ‘ए’, कारण तो सगळ्यांना डबा देतो.

पालकसभेला तिची आई आली. नवरा लोडिंग रिक्षा चालवतो, ती स्वतः शिलाई करते. माझं आडनाव ऐकून मराठीत बोलायला लागली. माहेर धुळ्याकडचं. मी तिला रकाना समजावून सांगितला, मुलीला राग आवरत नाही म्हटलं. तिनं कार्ड जरा वेळ हातात धरलं आणि म्हणाली, ‘घरी तर ती तोंडच उघडत नाही मॅडम. पैशाचं काही निघालं की ओशाळल्यासारखी बसते कोपऱ्यात. वही संपली तरी सांगत नाही. इथं येऊन रागावते म्हणता, तर मी बरं म्हणू का वाईट म्हणू?’

मला काही बोलता आलं नाही. मागे रांग होती. पुढचे पालक आले.

संध्याकाळी दांडिया बाजारात घरी आले तेव्हा सासूबाई मेथी निवडत होत्या. त्यांना सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, ‘अगं, रागावणारा माणूस निदान समजतो की आपलं काहीतरी हिरावलंय. ओशाळलेल्याला वाटतं, आपल्याला इथं बसू दिलंय हेच खूप.’ शेजारच्या गुजराती काकी आल्या होत्या, त्या म्हणाल्या, आमच्यात ओशियाळुं म्हणतात. मला एकदम लख्ख दिसलं की माझ्या चार्टवर हा चेहराच नाही. ओशाळणं नाही, हिरमुसणं नाही, कानकोंडं होणं नाही. दुसऱ्याच्या उपकाराखाली मान वाकते तेव्हा जे वाटतं त्याला आनंदी चेहराच जवळचा. उपकार झालाय तर हसायला हवं ना.

या गावात राहून मला हे इतक्या उशिरा कळावं याची खंत वाटते. सयाजीराव महाराजांनी १८९३ मध्ये अमरेली भागात सक्तीचं मोफत प्राथमिक शिक्षण सुरू केलं आणि १९०६ मध्ये सगळ्या संस्थानाला लागू केलं. आम्ही बडोदेकर हे अभिमानानं सांगतो, सांगावंच. बाबासाहेब आंबेडकर १९१३ मध्ये याच संस्थानच्या शिष्यवृत्तीवर अमेरिकेत शिकायला गेले. १९१७ मध्ये परत येऊन इथे नोकरीला लागले तेव्हा त्यांना गावात राहायला जागा मिळेना. जात लपवून एका पारशी धर्मशाळेत राहिले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेला जमाव आला आणि त्यांना बाहेर काढलं. मुंबईच्या गाडीला अवकाश होता म्हणून कमाटी बागेत बसून राहावं लागलं. हे त्यांनी स्वतः लिहून ठेवलंय. त्या बागेतली ती जागा आज संकल्पभूमी म्हणून ओळखली जाते. शिकायला पैसे दिले होते ते याच राज्यानं, आणि राहायला खोली दिली नाही तीही याच गावानं. मी चौथीला सयाजीरावांवर दर वर्षी प्रकल्प देते. तक्त्यावर फोटो चिकटवून घेते. बागेतली दुपार मी कधी शिकवली नव्हती.

दिवाळीनंतर मी काही गोष्टी बदलल्या. मोठ्या नाहीत. मुख्याध्यापिकांशी बोलले तेव्हा त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. तपासणीसाठी नोंद लागते हे त्यांचं म्हणणं बरोबर होतं, पण ती नोंद ऑफिसात ठेवता येते, वर्गात कशाला? माझ्या पटातले लाल ‘आर’ गेले. कागदपत्रांची चिठ्ठी आता बंद पाकिटात जाते, आणि पाकीट सगळ्या वर्गाला मिळतं. बाकीच्यांच्या पाकिटात महिन्याचं वेळापत्रक असतं.

चार्ट काढला नाही, पण चिमटे काढले. वर्गापुढे येऊन बोलायची सक्ती काढली. मुलांना सांगितलं, घरी आजीला, आईला, आजोबांना विचारा, वाईट वाटतं तेव्हा तुमच्या घरात काय म्हणतात? सोमवारी शब्दच शब्द आले. खोटुं लाग्युं. जीव बळे छे. मूंझारो. एकाच्या घरी हिंदी, त्यानं ‘खिसियाना’ आणला आणि करूनही दाखवला. मी घरचा म्हणून हिरमुसणं लिहिलं. त्या मुलीनं काहीच आणलं नाही. मग मी फळ्यावर ओशाळणं लिहिलं, शेजारी ओशियाळुं लिहिलं आणि विचारलं, असं कधी वाटतं? एक मुलगा म्हणाला, मामाच्या घरी जास्त दिवस राहिलो की वाटतं. तो आरटीईचा नव्हता. त्याच्या वडिलांची नोकरी गेली होती, ते त्या दिवशी आम्हाला कळलं. दुसरी म्हणाली, फुई, म्हणजे आत्या, नवा ड्रेस देते आणि सगळ्यांना सांगते तेव्हा. दहा-बारा हात वर होते. तिचा नव्हता. पण ती मागे वळून प्रत्येक बोलणाऱ्याकडे बघत होती.

कंपासचं प्रकरण मी पुन्हा उघडलं, दोघांना घेऊन. त्या मुलाला मी सांगितलं की ती फुकट शिकत नाही, तिची फी सरकार भरतं, आणि सरकारकडे जो पैसा येतो त्यात तिच्या बाबांनी रिक्षात डिझेल भरताना दिलेला करही असतो. हे त्याला नवीन होतं. खरं तर तिलाही. तो ‘सॉरी’ म्हणाला, तीही म्हणाली. मग प्रगतिपुस्तकातला ‘सी’ मी वार्षिकला बदलला, त्याचा ‘ए’ही बदलला. त्याच्या आईला ते आवडलं नाही आणि तिनं तसं लेखी कळवलं. मी उत्तर दिलं.

कॅसेलनंही २०२० मध्ये आपली व्याख्या बदलून त्यात समतेचा मुद्दा घातला. आमच्याकडे जे छापील पुस्तक येतं त्यात तो भाग मला सापडला नाही. त्यात ताबा, संयम, कृतज्ञता यांची पानंच्या पानं आहेत. कृतज्ञतेच्या पानावर ‘मला मिळालेल्या पाच गोष्टी लिहा’ असं आहे. ते पान मी घेत नाही. पुढे कधी घेईनही, पण त्याआधी ‘मला मिळायला हवी होती अशी एक गोष्ट’ हे पान हवं.

सहलीचा प्रश्न सुटलेला नाही. जानेवारीत म्युझियम आणि बागेची सहल होती, साडेचारशे रुपये. शाळा म्हणते, सहल फीमध्ये येत नाही. आम्ही शिक्षिका दर वर्षी गुपचूप काढून भरतो, आणि मला आता हे गुपचूप भरणंही टोचतं, कारण मुलांना ते कळतंच. या वर्षी मी बस न करता पायी आणि सिटी बसनं जाऊ असं सुचवलं. ऐकलं गेलं नाही. शेवटी वर्गणी काढली. ती आली. देवमाशाच्या सांगाड्याखाली उभी राहून तिनं एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पावलं मोजली, मग परत येऊन मोजली, कारण पहिल्यांदा मधे कुणीतरी आडवं आलं होतं.

या जूनमध्ये ती पाचवीत गेली. तिची आई नव्या वर्षाची कागदपत्रं द्यायला आली होती, ऑफिसात देऊन माझ्या वर्गाच्या दाराशी थांबली. म्हणाली, ‘मॅडम, आठवीनंतर काय?’ कायदा सहा ते चौदा वयापर्यंत आहे. आठवी झाली की शाळा पूर्ण फी मागू शकते. मी तिला तसंच सांगितलं, वळसे न घेता. तिनं बोटांवर मोजलं. ‘म्हणजे अजून चार वर्षं,’ म्हणाली, आणि उरलेल्या झेरॉक्स प्लास्टिकच्या पिशवीत घालून पिशवीचं तोंड दोनदा दुमडलं.